रुग्णशय्येजवळची परीक्षा : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवन

दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आपल्या ख्रिस्ती समाजाला या दिवसाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मिरजेपासून वेल्लोरपर्यंतच्या मिशन इस्पितळांनी आपल्या कितीतरी मुलींना शुश्रूषेची वाट दाखविली. आई, मावशी, बहीण किंवा सून यांपैकी कोणीतरी परिचारिका नाही असे घर आपल्या मंडळ्यांत विरळाच. आजही आपल्या मुली नागपूर, इंदूर, हैदराबाद, दिल्ली अशा दूरदूरच्या शहरांत वसतिगृहात राहून परिचर्येचा अभ्यास करीत आहेत.

या अभ्यासक्रमात बालरुग्णांच्या शुश्रूषेचा विषय आला, की भल्याभल्या हुशार मुलींचीही छाती दडपते. वयानुसार नाडीचे ठोके, श्वासाची गती, वजनावरून औषधाची मात्रा, लसींचे वेळापत्रक हे सारे पाठ करता येते. परंतु खाटेवर पडलेले आठ महिन्यांचे मूल आपले दुखणे सांगत नाही. ते रडते, नाही तर रडायचे थांबते. त्यातले अधिक धोक्याचे कोणते, हे पाठांतराने कळत नाही. पाहणे, पाहिलेल्याचा अर्थ लावणे, प्रथम काय करावयाचे ते ठरविणे आणि केल्यानंतर पुन्हा पाहणे, हा विवेक अंगी बाणवावा लागतो. हल्ली परीक्षकही हेच विचारू लागले आहेत. परदेशी जाणाऱ्या आपल्या परिचारिका अमेरिकेची जी परवाना परीक्षा देतात, तिची रचना एप्रिल २०२३ पासून याच विवेकाची पारख करण्यासाठी बदलण्यात आली.

ही दृष्टी मात्र नवी नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका ख्रिस्ती स्त्रीने शुश्रूषेच्या शिक्षणाचा पाया याच गोष्टीवर घातला. तिचे दिवा घेतलेले चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिव्याच्या उजेडात ती काय पाहत होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

बालपण आणि पाचारण

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला, आणि त्या नगराचेच नाव तिला मिळाले. आईवडील इंग्रज, कुलीन आणि धनवान होते. डर्बीशायर परगण्यात ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमध्ये एम्ब्ली पार्क अशी त्यांची दोन मोठी घरे होती. वडील विल्यम नाइटिंगेल यांनी आपल्या दोन्ही मुलींना स्वतः शिकविले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय फ्लॉरेन्स आवडीने शिकली. गणिताचे तिला विशेष वेड होते. जे दिसेल ते मोजावे, नोंदवावे आणि त्याची तुलना करावी, ही सवय तिला लहानपणीच जडली.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षात, देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलाविले आहे असा स्पष्ट अनुभव तिला आला. ही तारीख ती आयुष्यभर विसरली नाही. परंतु सेवा कोणती, हे त्या दिवशी कळले नाही. ते उमगावयास काही वर्षे गेली आणि उमगल्यानंतर घरच्यांची संमती मिळावयास त्याहून अधिक वर्षे लागली.

१८४५ साली जवळच्या सॉल्झबरी येथील इस्पितळात काही महिने राहून शुश्रूषा शिकण्याची इच्छा तिने बोलून दाखविली, तेव्हा घरात आकांत झाला. त्या काळी इस्पितळातील परिचारिका म्हणजे बहुधा अशिक्षित, हलाखीत सापडलेली आणि अनेकदा व्यसनाधीन स्त्री अशीच लोकांची समजूत होती. कुलीन घरातील मुलीने तेथे पाऊल टाकणे म्हणजे घराण्याला बट्टा. फ्लॉरेन्स गप्प बसली, पण स्वस्थ बसली नाही. पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात ती इस्पितळांचे अहवाल वाची, त्यांतील आकडे वहीत उतरवून घेई आणि न्याहारीच्या वेळी घरच्या मंडळींत मिसळून जाई. एका सुशील, विद्वान तरुणाची मागणी अनेक वर्षे तिच्यासमोर होती. ती तिने १८४९ साली नाकारली. तिच्या मनालाही त्याचे दुःख झाले होते, परंतु पाचारणाशी तडजोड करण्याची तिची तयारी नव्हती.

कैसरस्वर्थची शाळा

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कैसरस्वर्थ या लहान गावी पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी १८३६ साली एक संस्था सुरू केली होती. येथे प्रॉटेस्टंट स्त्रिया डिकनेस म्हणून देवाच्या सेवेस वाहून घेत आणि आजाऱ्यांची शुश्रूषा शिकत. इस्पितळाबरोबर अनाथाश्रम होता, बालकांची शाळा होती. फ्लॉरेन्सने १८५० साली ही संस्था प्रथम पाहिली आणि १८५१ साली तीन महिने तेथे राहून शिक्षण घेतले. त्या वेळी तिचे वय एकतीस वर्षांचे होते.

तिची राहण्याची खोली अनाथाश्रमातच होती. पहाटे पाचला दिवस सुरू होई. जेवण साधे, काम अवघड. ज्या मुलीच्या घरी नोकरांचा ताफा होता, ती येथे मुलांना न्हाऊ घालीत होती, जखमा धूत होती आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उभी राहत होती. येथील वैद्यकीय शिक्षण पुढे तिला अपुरे वाटले, परंतु सेवेची पवित्र वृत्ती आपण येथेच पाहिली असे तिचे मत होते. शिक्षणाच्या अखेरीस झालेल्या परीक्षेत तिच्या तोडीची उत्तरे यापूर्वी कोणीच दिली नव्हती, असे फ्लीडनर यांनी पुढे आपल्या एका पाहुण्यापाशी बोलून दाखविल्याचे तिचे चरित्रकार सांगतात. ही विद्यार्थिनी परीक्षेतही अव्वल ठरली होती, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे परीक्षांविषयी तिने जी भूमिका घेतली, ती परीक्षेची भीती वाटून घेतली नव्हती.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता घरच्यांचा विरोध मावळला होता.

स्कुटारीचे दिवस

१८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात इंग्रज सैनिक किड्यामुंग्यांसारखे मरत असल्याच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंना विनंती केली, आणि ३८ परिचारिकांना घेऊन त्या २१ ऑक्टोबरला निघाल्या. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या स्कुटारीस पोहोचल्या.

तेथे जे दिसले त्याचे वर्णन करणे कठीण आहे. सैनिकांना बिछाने नव्हते, साबण नव्हता, धुतलेले कपडे नव्हते. बाईंनी स्वयंपाकघर उभे केले, धुलाईची व्यवस्था लावली, मलमपट्टीचे सामान आणविले. रात्री हातात दिवा घेऊन त्या एकेका खाटेजवळून जात. कोणाचा श्वास बदलला, कोणाचे पाय गार पडले, कोणाला पाणी गिळवत नाही, हे पाहत.

तरीही मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये इस्पितळातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले. मार्च महिन्यात सरकारने पाठविलेले आरोग्य मंडळ आले. त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

येथे त्यांच्या आयुष्यातील एक नाजूक प्रश्न उभा राहतो. आरंभी त्यांचा भर अन्न, वस्त्र आणि औषधपाण्याच्या टंचाईवर होता. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडले. तेव्हा गटारे, पाणी आणि कोंदट हवा यांनी किती बळी घेतले हे त्यांच्यापुढे पूर्णपणे उघड झाले. त्यांना स्वतःची चूक कितपत जाणवली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्यांनी हे आकडे झाकले नाहीत, ही गोष्ट निर्विवाद आहे. उलट रंगीत आकृत्या काढून त्यांनी ते मंत्र्यांपुढे आणि राणीपुढे ठेवले. आपल्याच कामाच्या ठिकाणचे मृत्यू मोजावयाचे आणि त्यांतून शिकावयाचे, याला मोठे धैर्य लागते. या कामाबद्दल १८५८ साली इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

पाहण्याची विद्या

युद्धातून परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळली. क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांना पुढे अनेक वर्षे अंथरुणाला खिळवून ठेवले. परंतु लेखणी थांबली नाही. १८५९ च्या अखेरीस शुश्रूषेवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक बाहेर पडले. त्यातील एक संपूर्ण प्रकरण आजाऱ्याचे निरीक्षण कसे करावे याविषयी आहे.

आजाऱ्याला रात्र बरी गेली का असे मोघम विचारू नये, तो किती तास झोपला आणि कोणत्या वेळी जागा झाला हे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते आणि त्यावर उपचार ठरला तर आजारी दगावतो. निरीक्षण हे माहितीचा साठा वाढविण्यासाठी नसून जीव वाचविण्यासाठी आहे, हे त्यांनी बजावून सांगितले.

लहान मुलांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. कोंदट हवा, थंडी, अस्वच्छता यांचा परिणाम मोठ्या माणसांपेक्षा बालकांवर लवकर आणि जोराने होतो. म्हणून एखाद्या वस्तीचे आरोग्य जोखावयाचे असेल तर तेथील बालमृत्यू पाहावेत, असे त्या सांगत. १८६१ साली कष्टकरी वर्गासाठी त्यांनी याच पुस्तकाची स्वस्त आवृत्ती काढली आणि तीत तान्ह्या मुलांच्या संगोपनावर एक नवे प्रकरण घातले. ते आयांना उद्देशून नव्हते. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या लहान मुलींसाठी ते लिहिले होते. ताजी हवा, पुरेशी ऊब, स्वच्छ अंग आणि कपडे, ठरल्या वेळी योग्य आहार, प्रकाश, आनंदी वातावरण आणि बाळाला दचकवू नये याची काळजी, इतक्या साध्या गोष्टी त्यांत होत्या. दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही पाहावयास शिकविता येते, हा विश्वास त्यामागे होता.

त्याच सुमारास लंडनमध्ये बालरुग्णांची स्वतंत्र शुश्रूषा आकार घेत होती. डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी १८५२ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे केवळ दहा खाटांचे बालरुग्णालय उघडले होते आणि १८५४ साली आजारी मुलांची शुश्रूषा कशी करावी यावर छोटे पुस्तकही लिहिले होते. मुलाला बोलता येत नसले तरी त्याचे रडणे, चेहरा, हातपायांची हालचाल ही त्याची भाषाच असते, ही त्यांची शिकवण होती. नाइटिंगेलबाईंना मात्र मुलांची स्वतंत्र इस्पितळे काढण्याविषयी शंका वाटे. आजारी मुलाजवळ सतत कोणीतरी असावयास हवे आणि इतक्या परिचारिका आणावयाच्या कोठून, असा त्यांचा सवाल होता. तरीही पोर्तुगालच्या राजाने आपल्या दिवंगत राणीच्या स्मरणार्थ लिस्बन येथे बालरुग्णालय बांधावयाचे ठरविले, तेव्हा त्याच्या आराखड्याविषयी त्यांनी मनापासून सल्ला दिला. काळाने बालरुग्णालयांच्या बाजूने कौल दिला, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही आपल्या वॉर्डांत उभा आहे.

शाळा आणि तिची परीक्षा

कृतज्ञ जनतेने त्यांच्या नावे सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून जून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली. शिक्षण एक वर्षाचे होते. प्रत्येक विद्यार्थिनीचा मासिक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप यांची नोंद असे, आणि कामाच्या चौदा बाबींवर शेरा असे. मलमपट्टी, बिछाना घालणे, असहाय रुग्णाला हलविणे, पथ्याचे अन्न शिजविणे, हवा खेळती ठेवणे या बाबी त्यात होत्या. रुग्णाचे काटेकोर निरीक्षण ही एक स्वतंत्र बाब होती. थुंकी, नाडी, त्वचा, भूक, शुद्ध, श्वास, झोप, जखमेची अवस्था, आणि अन्न व औषधे यांचा परिणाम, इतक्या गोष्टी विद्यार्थिनीने टिपावयाच्या असत. आज बालरुग्ण विभागात आपल्या मुली जो तक्ता भरतात, त्याचे मूळ येथे दिसते.

परंतु कागदावरची योजना आणि वॉर्डातले वास्तव यांत अंतर पडते. शाळा सुरू होऊन दहा-अकरा वर्षे झाल्यावर बाईंनी कसून चौकशी केली, तेव्हा व्याख्याने बंद पडल्याचे आणि तक्ते वरवर भरले जात असल्याचे त्यांना आढळले. शाळेचे नाव जगभर गाजत होते आणि मुलींना शिकविणारे कोणी नव्हते. दुसरे कोणी असते तर हे झाकून ठेवते. त्यांनी नवा वैद्यकीय शिक्षक नेमला, वाचनाची यादी करविली आणि मुलींच्या अभ्यासाकडे पाहण्यासाठी वसतिगृहात एक वडीलधारी भगिनी ठेवली. स्वतः एकेका विद्यार्थिनीला घरी बोलावून, तिच्या टिपणांच्या वह्या वाचून, तिने रुग्णाजवळ काय पाहिले हे त्या विचारीत. १८७२ पासून जवळजवळ दरवर्षी त्या विद्यार्थिनींना एक विस्तृत पत्रही लिहू लागल्या.

या शाळेतून निघालेल्या परिचारिका दूरवर गेल्या. त्यांतील ॲग्नेस जोन्स ही भाविक तरुणी १८६५ साली लिव्हरपूलच्या दरिद्री लोकांच्या इस्पितळात गेली आणि १८६८ साली तापाने आजारी होऊन सेवेतच तिचा अंत झाला.

नोंदणीचा वाद

१८८७ साली इंग्लंडमध्ये परिचारिकांची संघटना स्थापन झाली. परीक्षा घेऊन उत्तीर्ण होणाऱ्यांची नोंदणी करावी, ही तिची मागणी होती. श्रीमती बेडफर्ड फेनविक या तिच्या धुरीण होत्या. सर्वांना वाटले, नाइटिंगेलबाई पाठिंबा देतील. त्यांनी कडाडून विरोध केला. परीक्षा स्मरणशक्ती मोजते, परंतु मध्यरात्री एकटी असताना परिचारिका जागी राहील का, चूक झाली तर कबूल करील का, मुलाच्या चेहऱ्यावरील बदल तिच्या ध्यानात येईल का, हे परीक्षा कसे सांगणार, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. नोंदणी नसेल तर कोणीही स्वतःला परिचारिका म्हणवून घेईल आणि रुग्ण त्याचे फळ भोगील, हे श्रीमती फेनविक यांना स्पष्ट दिसत होते. अखेर इंग्लंडात १९१९ साली कायदा झाला आणि त्यात आजारी मुलांच्या परिचारिकांसाठी वेगळी नोंदवही ठेवण्यात आली. परीक्षा आली ती कायमची. या वादात नाइटिंगेलबाई हरल्या. पण प्रश्नपत्रिकेने विवेकाची पारख कशी करावी, हा त्यांचा प्रश्न परीक्षकांच्या मानेवर आजवर बसून आहे.

हिंदुस्थानशी नाते

त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, तरी आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी या देशाच्या आरोग्यासाठी वेचली. येथील लष्कराच्या आरोग्याविषयी नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी ठाण्याठाण्यांतून माहिती मागविली. १८६३ च्या अहवालात इंग्रज सैनिकांचे वार्षिक मृत्यू हजारी ६९ असल्याचे दिसून आले. हळूहळू त्यांचे लक्ष बराकीबाहेर, खेड्यांतील रयतेकडे वळले. येथील इस्पितळांत परिचर्येची व्यवस्था कशी लावावी यावर त्यांनी १८६५ साली सूचना लिहिल्या. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावांच्या स्वच्छतेविषयी त्यांचा पत्रव्यवहार झाला. दादाभाई नौरोजी यांच्या निवडणुकीलाही त्यांनी पाठिंबा दिला.

१९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. आयुष्यभर पाहावयास शिकविणाऱ्या त्या अंधारात बसल्या होत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्या प्रभूमध्ये निजल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान कुटुंबीयांनी त्यांच्या इच्छेनुसार नाकारला. ईस्ट वेलो या गावच्या मंदिराच्या आवारात त्यांना पुरले आहे आणि दगडावर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे आहेत.

आपल्या मुलींसाठी

परीक्षेच्या तयारीला लागलेल्या आपल्या मुलींनी या जीवनातून काय घ्यावे? पुस्तक मिटून ठेवावे असे कोणी म्हणणार नाही. स्वतः बाई पहाटे उठून आकडे उतरवून घेत होत्या. परंतु प्रत्येक पाठाबरोबर एक बालक डोळ्यांसमोर आणावे. जुलाबांनी आजारी बाळ आहे. सकाळी ते रडत होते, आता शांत आहे. आई समाधानाने म्हणते की त्याला बरे वाटते आहे. तुम्ही काय पाहाल? टाळू खोल गेली आहे का, रडताना डोळ्यांत पाणी होते का, चिमटीत धरलेली कातडी सावकाश परतते का, लंगोट केव्हापासून कोरडा आहे, ते अंगावर पिते आहे का? यांतले अधिक महत्त्वाचे कोणते? डॉक्टरांना आता बोलवावयाचे की तासाभराने? आणि उपचार सुरू झाल्यावर पुन्हा केव्हा पाहावयाचे? ही उत्तरे मैत्रिणींबरोबर बसून, कारणे सांगत द्यावीत. उत्तर चुकले तर ते का चुकले हे वहीत लिहावे. वर्गातली चूक लाल शाईने सुधारता येते. वॉर्डातली चूक बाळ भोगते.

प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टान्तातील शोमरोनी मनुष्य आपणा सर्वांना ठाऊक आहे. वाटेने तिघे गेले आणि तिघांनीही त्या जखमी माणसाला पाहिले. दोघे पाहून पुढे गेले. तिसऱ्याला पाहताक्षणी कळवळा आला, तो जवळ गेला, जखमांना काय हवे हे त्याने जाणले, आणि दुसऱ्या दिवसाचीही तजवीज केली. आपल्या मुलींना परीक्षेत उत्तम यश लाभो ही आपली प्रार्थना आहेच. त्याबरोबर रात्रपाळीच्या त्या एकाकी घटकेला, बोलू न शकणाऱ्या लेकराच्या खाटेपाशी, त्यांचे डोळे उघडे राहोत हेही आपण प्रभूपाशी मागू या.